मॅडमचा उजवा कान

आमच्या मॅडमशी बोलायचं असेल तर त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभं राहायचं. हा नियम अकोल्यातल्या बऱ्याच दवाखान्यांतल्या नर्सना ठाऊक होता, वॉर्डबॉयना ठाऊक होता, आणि जठारपेठेतल्या भाजीवालीलासुद्धा ठाऊक होता. उजव्या बाजूनं कोणी हाक मारली तर मॅडम ढिम्म. कानात दोष नव्हता. उजवा कान कामावर असायचा, आणि काम संपलं तरी तो सवयीनं कामावरच राहायचा. घरी मॅडमचे यजमान जेवायलाही त्यांच्या डाव्या हाताला बसत. लग्नात फोटोसाठी उजवीकडे उभं राहिलो ती शेवटची वेळ, असं ते पाहुण्यांना हसत सांगत.

मॅडम भूलतज्ज्ञ. लोकांच्या भाषेत भूलवाल्या बाई. त्यांनी स्वतःचा दवाखाना कधी काढला नाही. स्कूटरला बॅग अडकवून या ऑपरेशन थिएटरातून त्या ऑपरेशन थिएटरात त्यांची फेरी चाले. लहान मुलाचं ऑपरेशन म्हटलं की सर्जन आधी मॅडमना फोन करून वेळ मागत आणि मग मुलाच्या आईबापांना तारीख देत. मी बडनेऱ्याची, रेल्वेत नोकरी करणाऱ्या बापाची लेक. पुण्यात शिकून परत आले आणि मॅडमच्या हाताखाली कामाला लागले. पहिल्या दिवशी बडनेऱ्याहून सकाळची गाडी पकडून अकोल्याला पोचले आणि थिएटरात जाऊन अदबीनं म्हणाले, "नमस्कार मॅडम, मी आजपासून आपल्याकडे आलेय."

उत्तर नाही. पुन्हा म्हणाले. पुन्हा नाही. मग नर्सनं माझे खांदे धरले, मला वळसा घालून दुसऱ्या बाजूला नेलं आणि पाटावर नवरी उभी करावी तसं उभं केलं. तिथून मी तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं.

"आलेय म्हंजे काय?" मॅडम म्हणाल्या. "आली म्हन. कुठून आली, पुन्यावून का?"

"नाही मॅडम, मी बडनेऱ्याची."

"मंग बडनेऱ्यावानी बोल न. आजारी लेकराच्या मायले तुहं आलेय-गेलेय समजत नाई."

तेव्हापासून मी पुणेवाली झाले. माझ्या सात पिढ्या वऱ्हाडात गेलेल्या, पण मॅडमनी एकदा नाव ठेवलं की ते रेशनकार्डावर चढल्यासारखं पक्कं.

आता त्या कानाबद्दल. मुलाला भूल दिली की मॅडम बॅगेतून धातूची एक चपटी, जड चकती काढत आणि ती मुलाच्या छातीवर पट्टीनं चिकटवत. चकतीतून एक रबरी नळी निघे आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला फक्त एका कानात बसेल असा बोळा. तो बोळा मॅडमच्या उजव्या कानात. ऑपरेशन सुरू होऊन मूल जागं होईपर्यंत मुलाचं हृदय आणि श्वास त्या कानात वाजत असे. पूर्वी सगळेच भूलतज्ज्ञ असं करत म्हणे. मग मॉनिटर आले, पडद्यावर रेघा आल्या, प्रत्येक ठोक्याला टुक-टुक वाजायला लागलं, आणि बाकीच्यांच्या नळ्या कपाटात गेल्या. मॅडमची गेली नाही.

बोळा कानाच्या मापाचा हवा, नाहीतर निसटतो. म्हणून मॅडमनी तो ओळखीच्या एका दातांच्या डॉक्टरकडून करून घेतला होता. कवळीच्या हिरड्या ज्या गुलाबी मसाल्याच्या करतात, त्याच मसाल्याचा. लांबून पाहिलं तर मॅडमच्या कानाला हिरडी फुटली आहे असं वाटे. मी रुजू होऊन आठवडाही झाला नसेल, तेव्हा त्यांनी मलाही त्या डॉक्टरकडे नेलं आणि बाहेर बाकावर बसलेल्या दातदुखीच्या लोकांसमोर माझ्या कानात मसाला भरायला लावला. "आ करू का?" असं मी घाबरून विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, "कानासाठी तोंड उघडून राहिली? पुन्याले हेच शिकवतेत का?"

थिएटरात गाणी लावायची बंदी होती. एक सर्जन जुन्या हिंदी गाण्यांचे फार शौकीन. ते मॅडमच्या डाव्या बाजूला येऊन अजीजीनं म्हणायचे, "मॅडम, हळू आवाजात एक?" मॅडम म्हणायच्या, "माह्या कानात गानं चालूच हाय. तुमाले पाह्यजे तं तुमी गुनगुना." सर्जन बिचारे मास्कच्या आत गुणगुणत. ते कधी कधी सुराबाहेर जात आणि मग मॅडम मॉनिटरकडे पाहिल्यासारखं करून त्यांच्याकडे पाहत.

भूल देण्याआधीची त्यांची उलटतपासणी तर बघण्यासारखी असे. उपाशीपोटी आणायला सांगितलेलं मूल उपाशी आहे का, हे त्या नुसत्या आईबापांना विचारून थांबत नसत. त्यांचं म्हणणं, आईबाप खोटं बोलत नाहीत, पण त्यांच्या हिशोबात चहा हे खाणं नसतं.

"काय खाल्लं गं यानं?"

"काहीच नाई मॅडम. फक्त चहा पेला."

"चहासंगं?"

"चहासंगं... टोस्ट. पन भिजवून देल्ला."

म्हणून मॅडम धाकट्या भावंडाला गाठत. "तुह्या दादानं काय खाल्लं रे?" धाकटं भावंड हमखास सांगे, कारण दादाला मिळालं आणि मला कमी मिळालं हे दुःख त्याच्या मनात ताजं असे. एकदा एका चिमुरडीनं "दोन पोळ्या, अन् माही अर्धी हिसकून घेतली" असं सांगितलं आणि दादाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं.

पण खरी पंचाईत पुढच्या प्रश्नांची. "घरात कोनी अचानक मेलं का? जवान मानूस? लेकरू? झोपेत, पोहताना, धावताना?" ऑपरेशनच्या सकाळी, मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या आईला हे विचारायचं म्हणजे! काही बायका पदर तोंडाला लावत, काही आज्या उघड म्हणत, "काय अभद्र बाई हाय!" मॅडमना त्याचं काही नाही. "मेलेल्याचं नाव घेतल्यानं कोनी मरत नाई. लपवल्यानं मरते," असं त्या सगळ्यांसमोर ऐकवत आणि पुढचा प्रश्न विचारत. मला फार अवघडल्यासारखं व्हायचं. मी त्या बायकांची नजर चुकवून भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र पाहत राहायचे.

हे प्रश्न पुरेसे नाहीत, हे आम्हाला पातूरकडच्या एका मुलीनं शिकवलं.

सहा-सात वर्षांची मुलगी. हर्नियाचं साधं ऑपरेशन. मॅडमनी सगळे प्रश्न विचारले, आईनं आणि आजीनं सगळ्याला मान हलवून नाही म्हटलं. मुलगी आत आली, झोपली, छातीवर चकती चिकटली. सर्जननं काम सुरू केलं आणि थोड्या वेळात मॅडम एकदम म्हणाल्या, "थांबा. हात काढा."

त्याच सुमारास मॉनिटर बोंबलायला लागलं. टुक-टुक नाही, एक सलग कर्कश किरकिर. मुलीचं हृदय इतक्या वेगानं धावत होतं की ठोके मोजता येत नव्हते. इतकं पळणारं हृदय भरायच्या आत रिकामं होतं आणि अंगाला रक्त पोचत नाही. रक्तदाब खाली खाली चालला.  निरोगी लेकरू, साधं ऑपरेशन, आणि हे कुठून आलं? मॅडमनी नर्सला बर्फ आणायला पाठवलं. बर्फ सापडला तो खालच्या फ्रिजमध्ये, सर्जनच्या लिंबूसरबतासाठी ठेवलेला. तो हातमोज्यात भरून मुलीच्या तोंडावर धरला, कारण थंड लागलं की कधी कधी हृदय दचकून ताळ्यावर येतं. हे आलं नाही. झटका द्यायचं यंत्र मी जवळ ओढून घेतलं.

"औषध भर," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच, जरा खडूस. "अन् घाबरू नको. हे देल्लं का दिल थांबते. मंग सुरू होते."

मी औषध दिलं आणि खरोखरच पडद्यावरची रेघ सपाट झाली. मॉनिटर गप्प. मी पडद्याकडे पाहत होते, सर्जन पडद्याकडे पाहत होते. मॅडमनी डोळे मिटले होते आणि उजव्या कानावर तळहात दाबून धरला होता. त्या क्षणी त्या कानात एकही ठोका वाजत नव्हता, हे मला नंतर जाणवलं आणि तेव्हा मला रडू आलं.

"आली," मॅडम म्हणाल्या. "आली पोट्टी."

मग पडद्यावर एक ठोका उमटला. मग दुसरा. मग टुक, टुक, टुक.

मुलगी वाचली. तिच्या हृदयात जन्मापासून एक जास्तीची वाट होती, त्या वाटेनं ठोका गोल गोल फिरत होता. पुढे नागपूरला तिचा इलाज झाला. पण त्या दिवशी मॅडम बाहेर आल्या त्या तावातच. मुलगी ठीक आहे हे आधी सांगितलं, आणि मग आजीला धारेवर धरलं. बराच वेळ ताकास तूर लागू न दिल्यावर आजीनं आईच्या पर्समधून एक ताईत काढून दाखवला. मुलगी अधूनमधून म्हणायची, छातीत पाखरू फडफडते. घरच्यांना वाटलं बाहेरचं काहीतरी आहे. जाणत्याकडून ताईत आणून दंडाला बांधला. आणि ऑपरेशनच्या आधी नर्सनं रीतसर सांगितलं, अंगावरचं सगळं काढून ठेवा. त्यांनी काढून ठेवलं. ताईतही गेला, आणि ताईतामागची गोष्टही पर्समध्ये गेली.

"मंग इचारलं तवा सांगतलं काहून नाई?" मॅडम ओरडल्या.

"तुमी मेलेल्याचं इचारलं," आजी म्हणाली. "पाखराचं कुठी इचारलं?"

 त्यानंतर मॅडमचा नवा नियम निघाला. ताईत, गंडा, दोरा, काहीही काढायच्या आधी मॅडमना दाखवायचं आणि तो कशासाठी बांधला ते सांगायचं. नर्सना वाटलं, बाईंचा ताईतावर विश्वास बसला. तसं मुळीच नव्हतं. मॅडमच्या घरी बुद्धवंदना चाले, आणि वडिलांनी त्यांच्या लहानपणीच घरातले सगळे गंडेदोरे तोडून चुलीत घातले होते, हे त्या अभिमानानं सांगत. त्या ताईत हातात घेत, बुरशी लागलेल्या पोळीकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहत आणि म्हणत, "हं. कशाचा होये? कवा बांधला? बांधला त्या दिवशी काय झालतं?" त्या ताईतांनी आम्हाला फिट येणारी मुलं दाखवली, झोपेत दचकणारी मुलं दाखवली. कोणत्याही छापील कागदावर हा प्रश्न मी कधी पाहिला नाही.

एक भांडण मात्र त्या दिवसापासून सुरू झालं ते वर्षानुवर्षं चाललं. मॅडमचं म्हणणं, पातूरच्या मुलीचा ठोका बिघडलेला त्यांना आधी कानात ऐकू आला आणि मॉनिटर मागून वाजलं. माझं म्हणणं, मॉनिटर आधी वाजलं. निदान बरोबर तरी. डबे उघडले की हा विषय निघे. सर्जन माझ्या बाजूचे, नर्स मॅडमच्या बाजूच्या, कारण नर्सना मॅडमबरोबर रोज काम करायचं होतं. "मशीनच्या भरवशावर राह्यली तं एक दिवस रडशीन, पुणेवाली," असं म्हणून मॅडम माझ्या डब्यातलं लोणचं उचलत.

पुढे मी अमरावतीला काम सुरू केलं. मॅडमनी वयामुळे फेऱ्या कमी केल्या. माझा गुलाबी बोळा नळी-चकतीसकट टेबलाच्या खणात गेला. मॉनिटर आता फार चांगले आले आहेत, ठोक्याबरोबर प्राणवायू कमी झाला तरी सूर बदलतात.

मागच्या वर्षी मॅडमचा फोन आला. त्यांच्या नातवाचा, मुलीच्या मुलाचा, एक डोळा तिरळा होता. डोळ्याच्या स्नायूचं ऑपरेशन करायचं होतं. "माह्या हातानं नाई व्हनार. तू दे भूल," एवढं बोलून फोन ठेवला. आपल्या माणसाला आपण भूल देत नाही. 

तपासणीला तिघं आले. मॅडम, त्यांची मुलगी आणि नातू. मी मॅडमच्या डाव्या बाजूला खुर्ची ओढून बसले आणि प्रश्न सुरू केले. मुलगी तोंड उघडायच्या आत मॅडम उत्तरं देत होत्या.

"घरात कोणी अचानक गेलं का? लहानपणी किंवा तरुणपणी?"

"नाई. पुढं चाल."

"पोहताना, धावताना, झोपेत?"

"नाई न. मीनंच शिकवले तुले हे सवाल. पुढं चाल."

मी पुढे गेले. छाती तपासायला नातवाचा शर्ट काढला आणि दंडाला काळा दोरा दिसला. घट्ट, जुना, दोन वेळा गाठ मारलेला. मॅडमच्या घरातल्या मुलाच्या दंडावर दोरा! नर्सनं माझ्याकडे पाहिलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलं होतं. मला हसू येत होतं, पण हसता येईना. मी मॅडमना विचारलं नाही. मॅडमनीच शिकवल्याप्रमाणे मी खाली वाकून मुलाला विचारलं, "हा कोणी बांधला रे?"

"आजीनं."

"कशासाठी?"

"पाण्याजवळ जायचं नाही म्हणून. गेलो तरी हा काढायचा नाही. माझे सगळे मित्र पोहायला शिकले, मलाच आजी पाठवत नाही."

मी वर पाहिलं. मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या.

"मॅडम, हा दोरा कशाचा?"

"ऐकू नाई आलं."

"मी डाव्या बाजूलाच आहे, मॅडम."

 मॅडम मुलीला म्हणाल्या, याले बाहीर घेऊन जा, कुल्फी नको देऊ. दार बंद झाल्यावर त्या म्हणाल्या, "मोठा भाऊ होता माहा. पूर्णेत गेला. सारे म्हनत बुडाला. पोहता येत होतं त्याले, पुणेवाली. त्यानंच मले शिकवलं. उडी मारली, वरतं आला, मले हसला, अन् हात मारनंच थांबलं. मी काठावर होती." त्यांचा हात आपल्या दंडाकडे गेला. "बापानं सारे दोरे तोडले होते घरातले. त्या वर्षी मायनं माह्या दंडाले दोरा बांधला, तं बाप काही बोलला नाई."

पोहताना अचानक थांबणारं हृदय. एकाच घराण्यात उतरत जाणारा हा दोष भूल देतानाही घात करू शकतो. आम्हा दोघींना ते पाठ होतं.

"तुम्हाले माहीत होतं?"

"पुस्तकात वाचलं त्याच दिवशी समजलं."

"मंग आत्ता नाई काहून म्हटलं?"

"तोंडातून निघालंच नाई." त्यांचे डोळे भरले होते. "लेकरू समोर बसलं होतं न. त्याच्या तोंडावर कसं म्हनू?"

आयुष्यभर लेकरांच्या तोंडावर हेच विचारत आलेली बाई! एरवी मी हे वाक्य जन्मभर चिडवायला पुरवलं असतं. तेव्हा मी फक्त त्यांचा हात धरला. मला त्यांची माया आली.

नातवाचा कार्डिओग्राम काढला. ठोक्यानंतर हृदयाला सावरायला जो वेळ लागतो, तो त्याच्या कागदावर जास्त लांब होता. ऑपरेशन पुढे ढकललं, हृदयाच्या डॉक्टरांनी औषध सुरू केलं, कोणती औषधं चालणार नाहीत ते बजावलं. घरातल्या सगळ्यांचे कागद काढले. मॅडमनी स्वतःचा कधीच काढला नव्हता. "मले काय धाड भरली?" म्हणत त्या टेबलावर झोपल्या, तारा लावणाऱ्या मुलीला तारा कशा लावायच्या ते सांगत राहिल्या, आणि त्यांच्या कागदावरही तेच लांब अंतर निघालं. त्यांच्या मुलीच्याही.

ऑपरेशनच्या सकाळी मी खण उपसून माझा गुलाबी बोळा काढला. नातवाच्या छातीवर चकती चिकटवली, बोळा उजव्या कानात घातला. नव्या नर्सना वाटलं, मला कमी ऐकू येतंय. झटक्याचं यंत्र लावून तयार ठेवलं. सर्जनला आधीच सांगितलं होतं, स्नायू ओढताना हळू, आणि मी थांबा म्हटलं की थांबा. डोळ्याचा स्नायू ओढला की हृदय मंदावतं, हे सगळ्याच मुलांत होतं. या मुलात ते आम्हाला परवडणारं नव्हतं.

आणि तसंच झालं. स्नायूवर ताण आला तसे ठोके एकदम लांबले. टुक... टुक...... "थांबा, सोडा," मी म्हणाले. सर्जननं हात काढला. माझ्या कानात एक लांब पोकळी आली. तेवढ्या वेळात मला काठावर उभी असलेली ती लहान मुलगी दिसली, खरंच दिसली. मग धप्प. मग धप्प, धप्प. ठोके आपल्या चालीवर आले. उरलेलं काम सर्जननं फुलं वेचावीत इतक्या हळू हातानं संपवलं.

मूल डोळे किलकिले करून "आजी" म्हणालं तेव्हा मी बाहेर आले. चकती-नळी तशीच गळ्यात होती. मॅडम बाकावर बसल्या होत्या, डावी बाजू दाराकडे करून. मी मुद्दाम वळसा घालून त्यांच्या उजवीकडे जाऊन बसले.

"जागा झाला. ठीक हाय," मी हळूच म्हणाले.

त्यांना ऐकू आलं. त्यांनी मान खाली घातली.

त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मी म्हणाले, "एकदा मंदावला होता, स्नायू ओढताना. पन मॅडम, मले पह्यले कानात ऐकू आलं. मॉनिटर मागून वाजलं."

"खोटं नको बोलू," मॅडम पदरानं नाक पुसत म्हणाल्या. "मॉनिटरच पह्यले वाजते. नाई तं बरोबर वाजते."

मी विचारलं, "अन् पातूरच्या पोरीच्या वेळी?"

"तवाही तेच वाजलं पह्यले."

"मंग इतके वर्षं माह्यासंगं भांडल्या काहून?"

"मशीन ऐकते म्हटलं असतं तं तुमी ऐकनं सोडून देल्लं असतं," त्या म्हणाल्या. "अन् खनात टाकलाच होता न तू बोया? मले काय समजत नाई?"

 मॅडमनी हात पुढे केला आणि माझ्या गळ्यातली नळी ओढून घेतली. चकती तळहातावर घेऊन पाहिली. धातू नातवाच्या छातीवरून आताच निघालेला, अजून कोमट होता. त्यांनी तो मुठीत धरला, आणि स्ट्रेचर बाहेर येईपर्यंत मूठ उघडली नाही.